मागे काही नाही

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. फूटपट्टी म्हणू नका, ती माझी मावसबहीण. जखमेवर बांधतात ती तर दूरची नातेवाईक. मी संगणकाच्या पडद्यावर राहते, अंगानं हिरवी, बोटभर उंच, हातभर लांब. माझा जन्म डावीकडे होतो आणि भरत भरत उजव्या टोकाला गेले की माझं काम संपतं. मग पुन्हा डावीकडे. अशी मी काही लाख वेळा जन्मले असेन.

आधीच सांगून ठेवते, मला थापा मारायची खोड आहे. जिथं माणसं तासन्‌तास खुर्चीवर बसून वाट बघतात तिथं वाढलेल्या कोणालाही ती लागते. तेव्हा मी काही फुगवून सांगितलं तर हसून सोडून द्या. पण एक थाप मी अशी मारली की ती थाप आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. तीच आज सांगायची आहे.

आमचं कार्यालय एका मोठ्या इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. दर्शनी बाजूला नोंदणीचा हॉल, त्यात वीस खुर्च्या, एक काउंटर. शेजारी रक्त घेण्याची खोली. मागच्या बाजूला कुलुपातली थंड खोली आणि तिच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, इस्पितळाचा धुलाईखाना. तिथं दिवसभर चादरी उकळत असत. धुलाईखान्यातलं यंत्र फिरायला लागलं की आमच्या हॉलमधल्या खुर्च्या आपापल्या जागा बदलत, आणि पहिल्या रांगेत बसलेला माणूस उठायच्या वेळी तिसऱ्या रांगेत असे. खोटं वाटत असेल तर खुर्च्यांना विचारा.

या कार्यालयात रक्त देणाऱ्यांची नोंद ठेवत. कोण, कुठला, रक्त कसलं, कोणाला चालेल. ही सगळी नोंद मागच्या थंड खोलीतल्या एका यंत्रात असे. एकाच यंत्रात एवढा जीव ठेवणं बरं नव्हे, म्हणून दोन कोसांवरच्या एका जुन्या गोदामात दुसरं यंत्र बसवलं होतं. पहिल्यात एक ओळ लिहिली की तीच ओळ तारेतून दुसरीकडे जायची आणि तिथंही लिहिली जायची. शिकलेली माणसं याला डेटाबेसचं रेप्लिकेशन म्हणत. काउंटरवरच्या टंककाकांची जीभ त्या शब्दावर घसरे, म्हणून त्यांनी पहिल्याला थोरली आणि दुसऱ्याला धाकटी अशी नावं ठेवली. थोरली सांगते, धाकटी लिहून घेते. एवढं सोपं करून सांगितल्यावर साहेबांनाही कळलं.

टंककाका म्हणजे नोंदी टंकणारे काका. दिवसाला दोनशे अर्ज ते यंत्रात भरत. एवढा वेग, की कधीकधी माणूस आपलं नाव सांगायच्या आधीच टंकून झालेलं असे.

आता धाकटी थोरलीच्या किती मागे आहे, हे कोणाला कळणार? कधी ती पाठोपाठ असे, कधी तारेत गर्दी झाली की तासभर मागे पडे. ते दिसावं म्हणून मला जन्माला घातलं. जन्म देणारीला सगळे आखणीबाई म्हणत, कारण ती आधी कागदावर आखायची, मग पडद्यावर. चौकोनी वह्या, टोक काढलेल्या पाच पेन्सिली, आणि खोडरबर दाताखाली धरायची सवय.

ती या नोकरीत का आली, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तिला एक थोरली बहीण होती. ताई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. रक्ताचे गट तुम्ही शाळेत शिकता, पण काही माणसांच्या रक्तात अशी एक गोष्ट नसते जी उरलेल्या साऱ्या जगाच्या रक्तात असते. त्यांना दुसऱ्याचं रक्त दिलं तर शरीर ते परकं समजून जाळून टाकतं आणि सोबत स्वतःलाही. ताई त्यातली होती. तिच्या पोटात एक गाठ वाढत होती, आतल्या आत ठिबकत होती. ती काढायची तर रक्त हाताशी हवं. आखणीबाईचं तपासलं. सख्खी बहीण, पण जुळलं नाही. रक्ताचं नातं आणि रक्त जुळेना, असं ताई सगळ्यांना हसून सांगायची. धाकटी बहीण, म्हणजे आखणीबाई, मात्र हसली नाही. ज्या कार्यालयात जुळणारा माणूस सापडू शकतो तिथंच तिनं काम धरलं.

सगळ्या नोंदीत ताईला चालणारे तिघे होते. एका आजोबांचं वय उलटून गेलेलं, एक बाई समुद्रापलीकडे राहायला गेलेली, आणि तिसरा स्वतःच अंथरुणाला खिळलेला. चौथा माणूस हवा होता. ताईला एवढंच हवं होतं, बाकी तिचं कशावाचून अडलं नव्हतं.

माझी आखणी तीन महिने चालली. यंत्रं सांभाळणारा एक मिस्त्री होता. तो नळाचा मिस्त्री नव्हता, पण कुठलीही गोष्ट बिघडली की आधी तिला एक चापट मारायचा, म्हणून ते नाव पडलं. त्याचं आणि आखणीबाईचं माझ्यावरून रोज वाजे. माझ्या शेजारी काय लिहायचं यावरच आठवडा गेला. आखणीबाईनं ‘विलंब’ सुचवलं, तर मिस्त्री म्हणाला की हा शब्द वाचेपर्यंतच विलंब होईल. त्यानं ‘पिछाडी’ सुचवलं, तर ती म्हणाली की आपण घोडा बांधतोय का. शेवटी ‘मागे’ ठरलं. मागे दहा मिनिटं. मागे दोन तास. आणि धाकटीनं सगळं लिहून संपवलं असेल तेव्हा, ‘मागे काही नाही’.

मित्रांनो, पहिल्या कागदावर मी एकटी नव्हते. माझ्या वर एक बारीक राखाडी ओळ होती, माझी जुळी बहीण म्हणा. तिचं नाव ‘शेवटचा निरोप’. थोरलीचा शब्द धाकटीच्या कानावर शेवटचा कधी पडला, एवढंच ती सांगायची. आखणीबाईनं तो कागद टंककाकांसमोर धरला आणि विचारलं की खाली ‘मागे काही नाही’ आणि वर ‘शेवटचा निरोप दोन दिवसांपूर्वी’ असं दिसलं तर तुम्हाला काय वाटेल. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की माझा जीव टांगणीला लागेल, दोन दिवस घरात कोणी बोललं नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. आखणीबाईनं तो कागद छातीशी धरला. आपली आखणी बरोबर आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

आता साहेब. त्यांना माघारी हिरवेसाहेब म्हणत. ते आडनाव नव्हे, आवड होती. पडद्यावर लाल दिसलं की त्यांचा रक्तदाब वाढे, पिवळं दिसलं की घसा खवखवे. पाहुण्यांना कार्यालय दाखवणं हे त्यांचं मुख्य काम. मी पडद्यावर येण्याच्या आदल्या दिवशी ते हॉलमध्ये आले, मला बघून खूश झाले, आणि माझ्या जुळ्या बहिणीवर बोट ठेवून विचारलं की ही राखाडी काय आहे, पडद्याला धूळ लागलीय का. आखणीबाईनं समजावून सांगितलं. धाकटी जेवढं ऐकते तेवढ्यावरूनच आपण मागे किती हे मोजतो, तिला ऐकूच येईनासं झालं तर तिच्या हिशेबी काहीच राहिलेलं नसेल, म्हणून वरची ओळ लागते. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“दोन आकडे दिसले की माणूस दोन प्रश्न विचारतो,” ते म्हणाले. “एकच ठेवा. हिरवा.”

ती तीनदा बोलली. तिसऱ्या वेळी साहेबांनी सांगितलं की उद्या एका ओळीचा पडदा लागेल, नाहीतर यंदा पडदाच लागणार नाही. काहीच नसण्यापेक्षा एक ओळ बरी, असं तिला वाटलं. दुसरी नंतर घालू, असं ती मिस्त्रीला म्हणाली. मिस्त्रीनं मान हलवली. तो ‘नंतर’ हा शब्द ऐकला की नेहमी अशीच मान हलवायचा. माझी जुळी बहीण एका बोटानं पुसली गेली. तिला जगायला एक दिवसही मिळाला नाही.

मग माझे चांगले दिवस आले. थोरलीची आधीची सगळी नोंद धाकटीकडे उतरवायला सतरा दिवस लागले. ते सतरा दिवस मी मुंगीच्या पावलानं सरकत होते. माझ्याकडे बघत बसलेल्या शिपायाची दाढी टेबलाला टेकली, एका जोडप्याचं माझ्यासमोर लग्न ठरलं आणि मी नव्याण्णवावर असताना मोडलं. शंभरावर पोचले तेव्हा हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. ताईही आली होती. पांढऱ्या बोटांची, बारीक आवाजाची, भिंगांच्या भुकटीचा वास येणारी बाई. तिनं मान वर करून मला वाचलं आणि बहिणीला कोपरानं ढोसलं. म्हणाली, मी गेल्यावर लोक हेच म्हणतील, मागे काही नाही, ना मूल ना बाळ. आखणीबाई म्हणाली की ताई, तोंड आवर. ताई म्हणाली की माझं रक्त कोणाशी जुळत नाही, तोंड तेवढं सगळ्यांशी जुळतं. आणि दोघी हसल्या. आखणीबाईला मी हसताना पाहिलं ते तेवढ्याच वेळी.

पाहुणे येत, साहेब छडीनं मला दाखवत. धाकटी असताना कागद कशाला, म्हणून भरलेले अर्ज दर शनिवारी फाडून टाकायचं ठरलं. धाकटी असताना वेगळ्या टेपा कशाला, म्हणून दर आठवड्याला सगळी नोंद टेपेवर उतरवून ठेवण्याची जुनी पद्धत बंद झाली. गोदामात जाऊन यायला मिस्त्रीला अर्धा दिवस लागे, तेही बंद. सगळ्यांचं उत्तर एकच, पट्टी हिरवी आहे ना. मी फुगून गेले होते. आपल्यावर एवढ्या जणांचा भार आहे याचा मला अभिमान होता. त्याची भीती वाटायला हवी होती, पण ते शिकवायला कोणी नव्हतं.

एका बुधवारी गोदामात रंगारी आले. हे मला नंतर कळलं. भिंती रंगवायच्या म्हणून त्यांनी धाकटीचं कपाट वीतभर पुढं ओढलं आणि मागची, थोरलीचे निरोप आणणारी तार निघाली; काउंटरला आणि मला उत्तर देणारी दुसरी तार जागेवरच राहिली. रंगारी नीटनेटके होते. तारेत कोणाचा पाय अडकू नये म्हणून त्यांनी ती छान गुंडाळली, वर सुतळीचा फास बांधला आणि खिळ्याला अडकवून ठेवली.

धाकटीनं त्या वेळेपर्यंत ऐकलेलं सगळं लिहून संपवलं होतं. ती शांत बसली. इकडे थोरली बोलतच होती. मिनिटामिनिटाला मला आकडा विचारला जाई, आणि मी छाती काढून उत्तर देई, मागे काही नाही. मी हिरवी होते. कधी नव्हे इतकी स्थिर होते. साहेब म्हणालेसुद्धा की आजकाल पट्टी अगदी हलत नाही, उत्तम.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी काउंटरवर एक बसड्रायव्हर आला. खाकी कपडे, गालावर रुमाल दाबलेला. दाढ काढून चार दिवस झालेत, म्हणाला, घरी बसून कंटाळा आला, कोणाच्या उपयोगी पडावं. दाढेची जखम ओली असताना बाटलीभर रक्त घेत नाहीत, म्हणून नर्सनं फक्त नमुना घेतला. टंककाकांनी नाव, पत्ता, फोन टंकला. नळीवर नाव लिहीत नसत, फक्त आकडा. आकड्यामागचा माणूस कोण, हे एकट्या थोरलीला ठाऊक असे. देणाऱ्याला घेणारा कळू नये आणि घेणाऱ्याला देणारा, असा तिथला नियम होता. नियम चांगलाच होता.

शनिवारी दुपारी कार्यालय बंद व्हायच्या वेळी प्रयोगशाळेतून निकाल आला. त्या नळीतलं रक्त ताईला चालणार होतं. नर्स जवळजवळ धावतच काउंटरवर आली. आखणीबाई खुर्चीवर बसली ती उठलीच नाही, नुसती मान खाली घालून बसून राहिली. डॉक्टरांनी ताईला कळवलं, गुरुवारी गाठ काढायची, बुधवारी त्या माणसाला बोलवून रक्त घ्यायचं. नुसता नमुना दिलेला तो दाढवाला ड्रायव्हर, हे नर्सनं ओळखलं, पण नाव थोरलीतून काढून फोन सोमवारी सकाळी करू, असं ठरलं, कारण ड्रायव्हरमाणूस, रजा संपून एव्हाना गाडीवर असेल. शिपायानं नेहमीप्रमाणे आठवड्याचे अर्ज फाडले. मी वरून बघत होते, हिरवीगार.

सोमवारी सकाळी साडेनऊला वर धुलाईखान्यात उकळत्या पाण्याचा मोठा नळ फुटला.

मित्रांनो, इथं मी एरवी एखादी थाप मारली असती. साबणाचा फेस एवढा वाढला की डॉक्टर होडीतून आले, असं काहीतरी. पण मला ते जमत नाही. छतातून पाणी आलं, साबणाचं, वाफाळतं, आणि सरळ थोरलीवर पडलं. मिस्त्रीनं दार उघडलं तेव्हा खोलीतून फेस बाहेर आला आणि त्याच्या बुटांवरून हॉलमध्ये पसरला. त्यानं थोरलीला एक चापट मारली. मग दुसरी मारली नाही.

कोणी घाबरलं नव्हतं. उलट साहेब म्हणाले, याचसाठी तर धाकटी आहे. मिस्त्रीनं काउंटरचं यंत्र धाकटीला जोडलं. नर्सनं नळीचा आकडा सांगितला. टंककाकांनी टंकला.

त्या आकड्याचं काही नव्हतं.

काकांनी पुन्हा टंकला. मग त्यांनी त्या गुरुवारची कुठलीही नोंद मागितली. मग बुधवारची. आदल्या बुधवारपर्यंत मागे गेल्यावर पहिली नोंद लागली. मधले बारा दिवस धाकटीच्या पोटात नव्हते. आणि तेवढ्यात सगळ्यांनी एकदम मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी हिरवी होते. माझ्या शेजारी अजूनही तेच शब्द होते.

आखणीबाई गोदामात गेली. मिस्त्री बरोबर होता, त्यानंच हे परत येऊन सांगितलं. तिनं खिळ्यावरची तार पाहिली, सुतळीची गाठ सोडायला घेतली. रंगाऱ्यानं गाठ घट्ट मारली होती. मिस्त्री कात्री देत होता ती तिनं घेतली नाही, नखांनी सोडवत बसली. सुटल्यावर म्हणाली, “मी ती ओळ खोडायला नको होती.” मिस्त्री म्हणाला की खोडायला लावली साहेबांनी. ती म्हणाली, “पेन्सिल माझ्या हातात होती.”

मग शोध सुरू झाला. टंककाकांना सगळ्यांनी घेरलं. नाव आठवा, नुसतं पहिलं अक्षर आठवा. काका घामानं भिजले. वीस वर्षांत त्यांना कोणी असं काही विचारलं नव्हतं.

“माझी बोटं वाचतात हो,” ते म्हणाले, “मी नाही वाचत.”

त्यांना गालावरचा रुमाल आठवत होता, निळ्या काठाचा. खाकी शर्टाची एक गुंडी तुटलेली आठवत होती. नाव आठवत नव्हतं. त्या शहरात बसचे पाच डेपो आणि दीड हजार ड्रायव्हर. आखणीबाई आणि मिस्त्री पाचही ठिकाणी गेले. नर्सनं दातांच्या सगळ्या दवाखान्यांना फोन केले, की आठवड्याभरापूर्वी एका ड्रायव्हरची दाढ काढली का. निम्म्यांनी चेष्टा समजून फोन ठेवला. रेडिओवर निवेदन दिलं. मंगळवार गेला. बुधवारी एका डेपोतला नियंत्रक म्हणाला की असा एक जण आहे खरा, आजारपणाची रजा संपवून लांबच्या फेरीवर गेलाय, शुक्रवारी परतेल, वाटेत फोन लागत नाही.

ताईची गाठ मात्र शुक्रवारपर्यंत थांबायला तयार नव्हती. बुधवारी संध्याकाळी ठिबकण्याची धार झाली. डॉक्टरांनी गुरुवारी सकाळी, आहे त्यात, गाठ काढायला घेतली. आत नेताना ताईनं बहिणीला विचारलं की तो माणूस सापडला का. आखणीबाईनं सांगितलं की सापडलाय, वाटेवर आहे. हे तिनं नंतर स्वतःच हॉलमध्ये काकांना सांगितलं आणि विचारलं की मी खोटं बोलले का.

शुक्रवारी पहाटे ताई गेली.

त्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला हॉलचं दार उघडलं आणि तो आत आला. एका प्रवाशानं रेडिओवर ऐकून त्याला सांगितलं होतं. शेवटच्या थांब्यावर माणसं उतरवून तो तसाच आला होता, धुळीच्या कपड्यांनी. शर्टाची एक गुंडी अजून तुटलेलीच होती. काउंटरशी येईपर्यंत त्यानं डावी बाही कोपराच्या वर दुमडून घेतली होती.

“दाढ आता बरी आहे,” तो म्हणाला. “कुठं बसू?”

टंककाका उभे राहिले. नर्स आत निघून गेली. खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत आखणीबाई बसली होती, इस्पितळाच्या कागदांवर शिक्के व्हायची वाट बघत. ती उठली. त्याला घेऊन शेजारच्या खोलीच्या दाराशी गेली, तिथली खुर्ची सरळ केली.

“इथं बसा,” ती म्हणाली.

त्यानं विचारलं की कोणासाठी आहे, माणूस कसा आहे.

“यायचाय अजून,” ती म्हणाली. “असं रक्त साठवून ठेवतात. कोणीतरी येईल.”

त्यानं मान डोलावली आणि हात पुढं केला. त्याला कोणी कधीच काही सांगितलं नाही. तो पुढंही दर चार महिन्यांनी येत राहिला, आणि मी हॉलमध्ये होते तोवर, आला की दर वेळी वर माझ्याकडे बघून विचारी, सगळं ठीक ना.

चौकशी झाली. तीन जणांनी सहा दिवस कागद लिहिले. शेवटी निष्कर्ष निघाला की दोष पट्टीचा. मला बोलता येत नसल्यानं मी हरकत घेतली नाही. हिरवेसाहेबांची दुसऱ्या शहरात बदली झाली, तिथं म्हणे त्यांनी गेल्यागेल्याच हिरवे पडदे लावून घेतले.

फुटलेला नळ दुरुस्त झाला, थंड खोलीत नवं यंत्र आलं. आता गोदामातलीच थोरली झाली आणि नवी तिची धाकटी. आखणीबाईच्या घरीही तसंच झालं होतं, घरातली थोरली आता तीच. तार जोडली, मिस्त्रीनं ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. बारा दिवसांत आलेल्या माणसांना शोधून परत बोलवायचं काम तर वर्षभर चाललं. पण नवी जोडणी झाल्यावर पहिली नोंद कोणती करायची, हे टंककाकांनी ठरवलं. ताईचं कार्ड बंद करायचं होतं.

त्या दिवशी मी काकांना पहिल्यांदा एका बोटानं टंकताना पाहिलं. प्रत्येक अक्षर ते आधी वाचत, मग दाबत. नाव पूर्ण झाल्यावर त्यांनी ते हळू आवाजात म्हटलं. मग तारीख लिहिली. ती ओळ गोदामातल्या थोरलीत लिहिली गेली, तारेतून इकडे आली, नव्या धाकटीतही लिहिली गेली. मी डावीकडून उजवीकडे एका क्षणात भरले. माझ्या शेजारी आलं, मागे काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते शंभर टक्के खरं असल्याची मला खात्री होती, आणि ते शब्द पडद्यावरून खाली पडावेत असं मला वाटत होतं.

पुढं आखणीबाईनं नवा पडदा आखला. त्यात दोन ओळी आहेत. मला एका जुन्या मॉनिटरवर घालून तिनं शिकवणीच्या खोलीत ठेवलंय. आखणी शिकायला येणाऱ्या तुमच्यासारख्या मुलांसमोर ती मला सुरू करते आणि मागची तार उपटते. मी हिरवीच राहते. मुलं आधी हसतात. मग ती त्यांना ताईची गोष्ट सांगते, न रडता, फळ्यावर तारखा लिहीत. मुलं हसायची थांबतात. माझं आता एवढंच काम, कसं करू नये ते दाखवायचं. कामाला कमी लेखू नका, जन्मभर जे मिरवलं त्यापेक्षा हे बरं.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्यापैकी कोणीतरी माझ्यासारखी पट्टी आखेल, आणि बाकीचे तिच्याकडे बघून निश्चिंत होतील. आखणाऱ्यांना माझी विनवणी आहे की ज्याला ठाऊक नाही त्याला तसं म्हणायची सोय ठेवा, मग साहेबांना ते दिसायला कसंही दिसो. आणि बघणाऱ्यांनो, मला नुसता रंग विचारू नका. तुला हे कोणी सांगितलं, आणि कधी, असं विचारा. मी गप्प राहिले तर मला पुसू नका, धमकावू नका. चपला घाला आणि जाऊन तार बघा. दोन कोस म्हणजे काही फार लांब नाही.